झिंक डोप केलेलं कोबाल्ट फेराइट: वितळलेल्या मिठापासून हिस्टेरेसिस लूपपर्यंत

एप्रिलमधली दुपार होती. एमएस्सीची एक विद्यार्थिनी कपाटातली बाटली हातात धरून आली आणि म्हणाली, "मॅडम, झिंक नायट्रेटचं पाणी झालंय." बाटलीचं झाकण घट्ट होतं, पाणी आत शिरलेलं नव्हतं. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, बाहेर नांदेडचं ऊन. झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट सुमारे ३६ अंश सेल्सियसला स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतं. म्हणजे आपल्याकडे गुढीपाडवा झाला की ही बाटली कधीही पातळ होऊ शकते. फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ४७ अंशांच्या आसपास वितळतं, कोबाल्ट नायट्रेट साधारण ५५ ला. पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअररूममध्ये मे महिन्यात लोहाच्या मिठाचंही खरं नाही.

तिने विचारलं, "सुकवून वापरू का?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर म्हणजे हा लेख. चुंबकीय मोजमाप व्हीएसएमवर (नमुना कंपवून त्याचं चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) होतं, हे अर्धंच खरं आहे. हिस्टेरेसिस लूपमधला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवत-घटवत काढलेल्या चुंबकनाच्या आलेखातला, प्रत्येक आकडा तुम्ही तराजूवर काय ठेवलं होतं यावर उभा असतो, आणि तराजूवरची चूक पुढचं कोणतंही महागडं यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

कोणता पदार्थ, आणि का

उदाहरणासाठी मी कोबाल्ट फेराइटमध्ये (कोबाल्ट आणि लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) २० टक्के कोबाल्टच्या जागी झिंक घालते; यालाच डोपिंग म्हणतात. एका सूत्रात कोबाल्ट ०.८, झिंक ०.२, लोह २, ऑक्सिजन ४. रेणुभार २३५.९. ही मालिका शिकायला फार चांगली आहे, कारण झिंक स्वतः अचुंबकीय असूनही थोडं घातलं की शून्य केल्विनजवळचं चुंबकन वाढतं. हे का घडतं ते शेवटी लूप वाचताना पाहू.

पद्धत सोल-जेल ऑटो-कम्बशन, म्हणजे द्रावणाचं जेल करायचं आणि ते स्वतःच जळू द्यायचं. आपल्या महाविद्यालयांत हॉट प्लेट, मफल भट्टी आणि चांगला तराजू एवढंच हाताशी असतं, आणि या पद्धतीला तेवढंच लागतं.

आधी मीठ तपासा

याच भागावर मी सर्वाधिक वेळ घालवते आणि विद्यार्थ्यांनाही घालवायला लावते.

वितळून पुन्हा गोठलेल्या झिंक नायट्रेटमधलं पाणी कमी झालेलं असू शकतं. पावसाळ्यात उलट होतं: फेरिक नायट्रेट हवेतली ओल शोषतं आणि वॉच ग्लासवर ठेवल्याठेवल्या ओलसर दिसू लागतं. दोन्ही वेळी बाटलीवरचा रेणुभार आणि बाटलीतला पदार्थ यांचा मेळ राहत नाही. सुकवून वापरणं हा उपाय नाही. किती पाणी गेलं ते कळतच नाही, आणि जास्त तापवलं तर नायट्रेटच फुटू लागतं.

उपाय सोपा आहे. तिन्ही मिठं वेगवेगळ्या क्रुसिबलमध्ये भाजून ऑक्साइड करायची आणि वजन घ्यायचं. क्रुसिबल आधी रिकामी तापवून, डेसिकेटरमध्ये थंड करून तोलून ठेवा. त्यात साधारण १ ग्रॅम मीठ अचूक तोलून घ्या. फ्यूम हूडमध्ये हॉट प्लेटवर अगदी हळू तापवा, झाकण अर्धवट ठेवा, नाहीतर मीठ उडतं. तांबूस वायू येईल, तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसांना घातक. वायू थांबल्यावर भट्टीत ७०० अंशांना दोन तास. थंड करून तोला, पुन्हा अर्धा तास भाजून पुन्हा तोला. दोन वजनं सारखी आली की झालं.

मीठ बरोबर असेल तर १ ग्रॅम फेरिक नायट्रेटमधून ०.१९८ ग्रॅम फेरिक ऑक्साइड मिळतं. १ ग्रॅम झिंक नायट्रेटमधून ०.२७४ ग्रॅम झिंक ऑक्साइड. १ ग्रॅम कोबाल्ट नायट्रेटमधून ०.२७६ ग्रॅम काळं कोबाल्ट ऑक्साइड, ज्यात तीन कोबाल्टला चार ऑक्सिजन असतात. कोबाल्टचं क्रुसिबल ९०० च्या वर नेऊ नका. तिथे ते ऑक्साइड ऑक्सिजन सोडून दुसऱ्या रूपात जातं आणि हिशोब बिघडतो.

समजा झिंकचं ऑक्साइड ०.२७४ ऐवजी ०.२८५ आलं. म्हणजे मिठातून पाणी गेलंय आणि प्रत्येक ग्रॅममध्ये झिंक चार टक्के जास्त आहे. मग गणिताने आलेलं वजन १.०४ ने भागायचं. लोहाचं ०.१९८ ऐवजी ०.१९० आलं तर मीठ ओलं आहे, ०.९६ ने भागा. झिंकची चार टक्के चूक फारशी दिसणार नाही, पण लोहाची चार टक्के चूक म्हणजे सूत्रात २ ऐवजी १.९२ लोह. स्पिनेलमध्ये (फेराइटच्या स्फटिकजाळीचं हे नाव) न मावलेलं कोबाल्ट किंवा झिंक मग वेगळं ऑक्साइड होऊन बसतं.

ज्यांच्याकडे रसायनशास्त्र विभागाची मदत आहे त्यांनी झिंकचं द्रावण करून ईडीटीए टायट्रेशन करावं, पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, द्राक्षारसाच्या लालपासून निळ्यापर्यंत. तेही उत्तम. भट्टीची पद्धत मी आधी सांगते कारण भट्टी तुमच्याच खोलीत आहे.

पाण्याबद्दल एक गोष्ट. बोअरचं पाणी कितीही गाळलं तरी त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम जात नाही, आणि मॅग्नेशियम स्पिनेलमध्ये आनंदाने शिरतं. दोनदा ऊर्ध्वपातन केलेलंच पाणी घ्या. ऊर्ध्वपातन यंत्राच्या कंडेन्सरमधून मात्र मिळणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट थंड पाणी वाहून जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना नळी सिंकमध्ये सोडवत नाही. ती नळी टाकीत सोडा. ते पाणी भांडी विसळायला चालतं, शेवटचा हात फक्त ऊर्ध्वपातित पाण्याचा.

वजनं

०.०२ मोल, म्हणजे सुमारे ४.७ ग्रॅम फेराइटसाठी:

कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ४.६५६ ग्रॅम
झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट १.१९० ग्रॅम
फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट १६.१६० ग्रॅम
सिट्रिक अॅसिड मोनोहायड्रेट १२.६०८ ग्रॅम

वरच्या तीन वजनांना तुमच्या तपासणीचा भागाकार लावा, मग तोला. स्टीलचा चमचा नको, प्लास्टिकचा घ्या. कोबाल्टचं मीठ विषारी आहे आणि कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय बाटली उघडू नका.

सिट्रिक अॅसिडच्या प्रमाणावर थोडं थांबायला हवं, कारण इथे दरवर्षी कुणीतरी फसतं. अनेक शोधनिबंधांत नायट्रेट आणि सिट्रिक अॅसिड "१ : ३" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा फेराइटच्या एका सूत्राला तीन मोल सिट्रिक अॅसिड, म्हणजे प्रत्येक धातुआयनाला एक. वरचं १२.६ ग्रॅम तेच आहे. पण कुणी ते प्रत्येक धातुआयनाला तीन असं वाचलं तर ३७.८ ग्रॅम सिट्रिक अॅसिड पडतं. मग भुकटी काजळीने भरते, आणि जळताना ऑक्सिजन इतका कमी पडतो की काही धातू ऑक्साइड न होता धातूच राहू शकतो. धातुरूप कोबाल्ट लूपमध्ये काय गोंधळ घालेल याची कल्पना करा.

इंधनाचा हिशोब स्वतः करता येतो. कार्बनला ४, हायड्रोजनला १, ऑक्सिजनला उणे २, नायट्रोजनला शून्य आणि धातूला त्याची संयुजा असे गुण द्या. सिट्रिक अॅसिडला अधिक १८ मिळतात. कोबाल्ट किंवा झिंक नायट्रेटला उणे १०, फेरिक नायट्रेटला उणे १५. एका सूत्राला एकूण उणे ४०. ४० भागिले १८ म्हणजे २.२२ मोल सिट्रिक अॅसिड पुरतं. ३ मोल घेतलं की इंधन थोडं जास्त होतं, जळण्याचा जोर बेताचा राहतो आणि कण लहान मिळतात. मी ३ घेते आणि मालिकेतल्या प्रत्येक नमुन्याला तेच ठेवते.

जेल आणि जळण

तिन्ही नायट्रेट्स १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, मग सिट्रिक अॅसिड घाला. अमोनिया त्यानंतरच. क्रम उलटा झाला तर लोहाचं हायड्रॉक्साइड खाली बसतं आणि सोल-जेलचा सगळा फायदा, म्हणजे आयन अणुपातळीवर मिसळणं, हातचा जातो. अमोनिया थेंबाथेंबाने, पीएच ७ येईपर्यंत. उन्हाळ्यात अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो. ती आधी तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवा, तोंड दुसरीकडे करून हूडमध्येच उघडा.

आता द्रावण एक लिटरच्या बीकरमध्ये घ्या. शंभर मिलिलिटरला एवढं मोठं भांडं का, ते जळताना कळेल. ८० ते ९० अंशांवर ढवळत ठेवा. तीन-चार तासांनी ते काकवीसारखं दाट होतं. याच वेळी ढवळण्याचा चुंबक चिमट्याने काढून घ्या. विसरलात तर त्यावरचं टेफ्लॉन जळताना विषारी धूर सोडतं, आणि तयार होणारी राख चुंबकाला चिकटते ती वेगळीच.

चुंबक काढल्यावर तापमान वाढवा. जेल फुगतं, कोरडं होतं, मग एका कडेला ठिणगी पेटते आणि लालसर रेघ सगळ्या जेलमधून सरकत जाते. तळणीत कुरडई फुलावी तशी राख फुलते आणि बीकर भरतो. दहा-वीस सेकंदांचा खेळ, पण हूडची काच खाली आणि चेहरा बाहेर हवा. नायट्रेट आणि अमोनिया एकत्र आल्याने जेलमध्ये अमोनियम नायट्रेट असतं. म्हणून कोरडं जेल साठवून ठेवायचं नाही, बंद ओव्हनमध्ये वाळवायचं नाही, आणि "एकदाच पन्नास ग्रॅम करून टाकू" हा विचार मनातही आणायचा नाही. जास्त हवं असेल तर पाच ग्रॅमचे जास्त घाणे काढा.

भट्टी

राख अगेटच्या खलात अर्धा तास घोटा, ज्वारीच्या पिठाइतकी मऊ होईपर्यंत. अॅल्युमिना क्रुसिबलमध्ये ६०० अंशांना चार तास, मिनिटाला ५ अंश या वेगाने चढवत. राहिलेला कार्बन आणि नायट्रेट इथे जातात. ते राहिले तर वजनात मोजले जातात, चुंबकनात नाही, आणि प्रति ग्रॅम आकडा विनाकारण कमी येतो. तापमान वाढवलं की कण मोठे होतात; १००० च्या वर झिंक उडून जाऊ लागतं.

वीज मध्येच गेली तर काय करायचं, हे आपल्याकडे ठरवूनच ठेवावं लागतं. माझा नियम: गेली त्या क्षणाचं तापमान आणि वेळ वहीत लिहायची, आणि तो नमुना मालिकेत वापरायचा नाही. पुन्हा भाजून "चार तास पूर्ण" करता येत नाहीत, कारण त्याचा थंड होण्याचा आणि पुन्हा चढण्याचा इतिहास बाकी नमुन्यांपेक्षा वेगळा झाला. झिंक ०, ०.२, ०.४ असे सगळे नमुने एकाच खेपेत भट्टीत ठेवले तर हा प्रश्न निम्मा मिटतो.

एक्सआरडी वाचताना

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तन. तांब्याच्या किरणांवर (तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम) टू-थीटा २० ते ८० पर्यंत, सावकाश. कोबाल्ट आणि लोह तांब्याच्या किरणांनी स्वतःच चमकतात, त्यामुळे पार्श्वभूमी उंच येते. यंत्रचालकाला मोनोक्रोमेटर किंवा डिटेक्टरची ऊर्जा-खिडकी लावायला सांगा.

स्पिनेलची शिखरं ३०.१, ३५.४, ३७.१, ४३.१, ५३.५, ५७.० आणि ६२.६ अंशांच्या आसपास. आधी ३३.२ वर बघा. तिथे काही उठलेलं दिसलं तर हेमॅटाइट आहे आणि पुढे जाण्याआधी मिठांच्या तपासणीकडे परत जा.

(३११) या अणुथरांचं शिखर ३५.४० अंशांना आलं असं धरू. निम्मा कोन १७.७०, त्याचा साइन ०.३०४०. थरांतलं अंतर १.५४०६ ÷ (२ × ०.३०४०) = २.५३४ अँगस्ट्रॉम. त्याला ११ च्या वर्गमुळाने, ३.३१७ ने, गुणा: जालकस्थिरांक (स्फटिकाच्या एका घनपेटीची बाजू) ८.४०३. शुद्ध कोबाल्ट फेराइटचा ८.३९२, झिंक फेराइटचा ८.४४१. त्या दोघांमधली सरळ रेषा २० टक्क्यांना ८.४०२ देते. तुमचा आकडा या रेषेच्या जवळ असेल तर झिंक जाळीत शिरलंय, बाहेर पडलेलं नाही. डोपिंगचा हा पहिला पुरावा. मात्र हा निष्कर्ष एका शिखरावर काढू नका. नमुना थोडा वरखाली बसला तरी शिखर सरकतं. सगळी शिखरं घ्या.

कणांच्या आकारासाठी शेररचं सूत्र. शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४२ अंश असेल, यंत्राची स्वतःची रुंदी वजा केल्यावर, तर आधी ती रेडियनमध्ये करा: ०.००७३३. मग ०.९ × १.५४०६ ÷ (०.००७३३ × ०.९५२७) = १९९ अँगस्ट्रॉम, म्हणजे सुमारे २० नॅनोमीटर. अंश रेडियनमध्ये न बदलणं ही सर्वात जास्त होणारी चूक, आणि यंत्राची रुंदी वजा न करणं ही दुसरी. त्यासाठी त्याच दिवशी, त्याच यंत्रावर सिलिकॉनचा प्रमाणित नमुना घ्यायला सांगा. क्ष-किरण घनता ५.२८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते.

एक मत स्पष्ट मांडते. अनेक प्रबंधांत एक्सआरडीच्या तीव्रतेवरून कोबाल्ट आणि लोह कोणत्या जागी किती बसले याचा तक्ता दशांशांसकट दिलेला असतो. लोहाचा अणुक्रमांक २६, कोबाल्टचा २७. क्ष-किरणांना हे दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. तो तक्ता तेवढ्या आधारावर देऊ नये. त्यासाठी मॉसबाउअर वर्णपट किंवा न्यूट्रॉन विवर्तन लागतं.

बाकीच्या तपासण्या, थोडक्यात

एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांची तपासणी) ५५० ते ६०० प्रति सेंटिमीटरच्या दरम्यानचा पट्टा धातू-ऑक्सिजन बंधाचा. दुसरा पट्टा ४०० च्या आसपास असतो आणि पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी वापरली तर बरेचदा यंत्राच्या कडेला कापला जातो. दिसला नाही म्हणून घाबरू नका. १३८४ ला टोक दिसलं तर नायट्रेट राहिलंय.

ईडीएक्सवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी) एक सापळा आहे. लोहाचं के-बीटा शिखर ७.०६ आणि कोबाल्टचं के-आल्फा ६.९३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला येतं, एकमेकांवर चढलेली. सॉफ्टवेअरने नीट वेगळं केलं नाही तर कोबाल्ट जास्त दिसतं. आयसीपी (नमुना विरघळवून मूलद्रव्यं मोजणारी तपासणी) मिळालं तर रचनेसाठी तेच धरा.

व्हीएसएम

नमुना बाहेर पाठवावा लागतो. आयआयटी मुंबईचं साइफ हे उपकरण केंद्र, इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र, आय-स्टेम पोर्टलवरची यंत्रं, हे नेहमीचे मार्ग. भुकटी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत, पत्र्याच्या डबीत नको.

पाठवताना लिहून द्या: वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अचूक हवं. २० मिलिग्रॅम नमुन्यात एक मिलिग्रॅमची चूक म्हणजे पाच टक्के. भुकटी घट्ट दाबून बसवायला सांगा, नाहीतर कण क्षेत्रात स्वतःच वळतात आणि कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) खोटी कमी येते. रिकाम्या होल्डरची फाइल आणि निकेलच्या प्रमाणित नमुन्याची फाइल मागून घ्या; निकेल खोलीच्या तापमानाला ५५ ईएमयू प्रति ग्रॅमच्या जवळ यायला हवं. स्टीलचा चिमटा इथेही नको. २००५ मध्ये हॅफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत दिसलेलं चुंबकत्व स्टीलच्या चिमट्याच्या स्पर्शातून येऊ शकतं हे दाखवलं गेलं. फेराइटमध्ये एवढासा डाग लपून जाईल, पण उद्या तुम्ही झिंक ऑक्साइडमध्ये दोन टक्के कोबाल्ट घालून चुंबकत्व शोधाल तेव्हा हीच सवय वाचवेल.

आता लूप. कोबाल्ट फेराइट १५ किलो-ओर्स्टेडला पूर्ण संपृक्त होत नाही. रेघ अजून चढतच असते. म्हणून शेवटचा आकडा "संपृक्त चुंबकन" म्हणून लिहू नका. वरच्या क्षेत्रातले बिंदू घेऊन क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्ताविरुद्ध आलेख काढा आणि शून्यापर्यंत वाढवा.

समजा ७० ईएमयू प्रति ग्रॅम आलं. बोर मॅग्नेटॉनमध्ये (अणूच्या चुंबकत्वाचं एकक): २३५.९ × ७० ÷ ५५८५ = २.९६ प्रति सूत्र.

सिद्धान्त काय सांगतो? स्पिनेलमध्ये दोन प्रकारच्या जागा: चार ऑक्सिजनमधली ए, सहा ऑक्सिजनमधली बी. दोन्हींची चुंबकीय दिशा एकमेकांविरुद्ध, निव्वळ उरतं ते बी वजा ए. झिंकला ए जागा आवडते. ते तिथे बसलं की तिथलं लोह बी कडे सरकतं. आपल्या सूत्रात ए वर ०.८ लोह, प्रत्येकी ५, म्हणजे ४. बी वर ०.८ कोबाल्ट, प्रत्येकी ३, आणि १.२ लोह, मिळून ८.४. फरक ४.४. झिंक नसताना हाच फरक ३ होता. अचुंबकीय आयन घालून चुंबकन वाढतं ते असं.

मग मोजलेलं २.९६ च का? तीन कारणं क्रमाने तपासा. ४.४ हा शून्य केल्विनचा आकडा आहे, आणि झिंकमुळे क्युरी तापमान (ज्याच्या वर पदार्थाचं चुंबकत्व मावळतं) उतरतं, म्हणून खोलीच्या तापमानाला त्याचा फटका जास्त. दुसरं, २० नॅनोमीटरच्या कणात बाहेरचा एक नॅनोमीटर थर एकूण आकारमानाच्या २७ टक्के असतो, आणि तिथल्या फिरक्या (इलेक्ट्रॉनचे स्पिन) वाकड्या असतात. तिसरं, नॅनोकणांत झिंकचा काही भाग बी वरही बसतो. मोठ्या कणांचं झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला जवळपास निश्चुंबक असतं, पण याच तिसऱ्या कारणामुळे त्याचीच नॅनोभुकटी चुंबकाकडे ओढली जाते. झिंक ०.४-०.५ च्या पुढे नेलं की बी जागांच्या आपसातल्या ओढाताणीने फिरक्या तिरप्या होतात आणि चुंबकन उतरणीला लागतं.

कोअर्सिव्हिटी झिंकसोबत सतत कमी होते, कारण कोबाल्ट फेराइटचा कडकपणा बी जागेवरच्या कोबाल्टचा आहे आणि आपण तेच काढतोय. लूप मधोमध कमरेत आवळल्यासारखा दिसला तर बहुधा तो एकाच पदार्थाचा लूप नाही, चुंबकीयदृष्ट्या कडक आणि मऊ असे दोन घटक मिसळलेत. एक्सआरडी पुन्हा बघा. उर्वरित आणि संपृक्त चुंबकनाचं गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर काही कण इतके लहान असू शकतात की उष्णतेनेच त्यांची दिशा उलटते. शुद्ध कोबाल्ट फेराइटमध्ये ही मर्यादा खोलीच्या तापमानाला १० नॅनोमीटरच्या आसपास पडते, झिंक वाढेल तशी ती वर सरकते. खात्रीसाठी झेडएफसी-एफसी मोजणी लागते, म्हणजे नमुना एकदा क्षेत्राशिवाय आणि एकदा क्षेत्रात थंड करून घेतलेली.

त्या मुलीने वितळलेलं झिंक नायट्रेट फेकलं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण पातळ केली, नीट हलवली, सगळं पाण्यात घेऊन द्रावण केलं आणि तीन क्रुसिबलमध्ये दहा-दहा मिलिलिटर भाजून त्यात किती झिंक आहे ते काढलं. लेबलवर तिने मिठाचं नाव, दर मिलिलिटरला झिंकचे मिलिग्रॅम आणि तारीख लिहिली. पुढचे सगळे नमुने आम्ही त्याच द्रावणातून पिपेटने घेतले.